दुसरे व्हायोलिन

पाश्चात्त्य संगीताचा इतिहास लिहिताना मोठ्या रचनांना मोठी जागा मिळते. सिंफनी, ऑपेरा, ऑरेटोरिओ ही नावे ज्यांनी हे संगीत क्वचितच ऐकले आहे त्यांच्याही कानांवरून गेलेली असतात. केवळ दोन व्हायोलिनांसाठी लिहिलेल्या आणि दोन-तीन मिनिटांत संपून जाणाऱ्या रचनांचा उल्लेख मात्र बहुधा एखाद्या ओळीत उरकला जातो. वस्तुतः या छोट्या रचनांच्या इतिहासाचे नाते आपल्या कॅथोलिक समाजाच्या इतिहासाशी फार जवळचे आहे. चर्चच्या माडीवर उभे राहून व्हायोलिन वाजवणाऱ्या दोन माणसांपासून निघालेली एक वाट गोव्याच्या धर्मग्रामशाळांतून मुंबईच्या चित्रपटसंगीतापर्यंत गेली. ती वाट कोठून निघाली, तिच्यावरून कोण चालून गेले आणि ती आज कोठे अडली आहे, हे पाहण्याचा या लेखाचा हेतू आहे.

बार्तोकचे चव्वेचाळीस तुकडे

एरिख डोफ्लाइन हे जर्मनीतील फ्रायबुर्ग येथील एक व्हायोलिनशिक्षक. आपल्या विद्यार्थ्यांसाठी ते एक क्रमिक पाठमाला तयार करीत होते. मुलांना शिकवण्यासाठी जे साहित्य उपलब्ध होते ते त्यांना नीरस वाटे. समकालीन रचनाकारांचे ताजे संगीत मुलांच्या हाती पहिल्यापासूनच द्यावे, अशी त्यांची इच्छा होती. म्हणून त्यांनी हंगेरियन संगीतकार बेला बार्तोक यांना पत्र लिहिले आणि त्यांच्या पियानोवरील बालगीतांचे व्हायोलिनसाठी रूपांतर करण्याची परवानगी मागितली. बार्तोक यांनी जुन्या रचनांचे रूपांतर करू देण्याऐवजी नव्याच रचना लिहून देण्याचे मान्य केले. १९३१ साली पूर्ण झालेले 'दोन व्हायोलिनांसाठी चव्वेचाळीस युगुलवादने' हे काम एका शिक्षकाच्या अशा साध्या विनंतीतून जन्मास आले.

हे तुकडे अगदी लहान आहेत. काही अर्ध्या मिनिटात संपतात, फारच थोडे दोन मिनिटांच्या पलीकडे जातात. पहिला तुकडा वर्ष-दोन वर्षे शिकलेल्या मुलालाही वाजवता येतो. शेवटच्या तुकड्यांपर्यंत पोहोचेतो चांगल्या तयारीच्या वादकाचाही कस लागतो. जवळजवळ प्रत्येक तुकड्याच्या मुळाशी एखादी लोकधून आहे. हंगेरियन, रुमानियन, स्लोव्हाक, सर्बियन, युक्रेनियन आणि एका ठिकाणी अरबीसुद्धा. लग्नातले गाणे, अंगाई, सुगीचे गाणे, नववर्षाचे गाणे अशी त्यांची शीर्षके आहेत. या धुना बार्तोक यांनी ग्रंथालयात बसून मिळवल्या नव्हत्या. १९०५-०६ पासून ते आणि त्यांचे मित्र झोल्तान कोदाय मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनी मुद्रित करणारे यंत्र घेऊन खेडोपाडी हिंडले होते. शेतकऱ्यांच्या तोंडून गाणी ऐकून त्यांनी ती मुद्रित केली आणि स्वरलिपीत उतरवली. १९१३ साली बार्तोक अल्जीरियातील बिस्क्रा भागातही जाऊन आले. या संग्रहातील अरबी गाण्याचे मूळ त्या प्रवासात आहे.

येथे वाद्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. व्हायोलिनला चार तारा असतात आणि शेजारच्या दोन तारांत षड्ज-पंचमाचे अंतर असते. पियानोप्रमाणे एकाच वेळी सहा-सात स्वर देण्याची सोय या वाद्यात नाही. ते मूलतः एका गळ्याप्रमाणे गाणारे वाद्य आहे. म्हणून व्हायोलिनच्या साथीला पियानो, ऑर्गन किंवा खर्जातील एखादे वाद्य देण्याची प्रथा पडली. केवळ दोन व्हायोलिनांसाठी लिहायचे म्हणजे हा आधार काढून घ्यायचा. तंबोरा नाही, ठेका नाही, खर्ज नाही. दोन समान आवाज आणि त्यांच्यामधली मोकळी जागा, एवढ्यावर सारे उभे करावयाचे.

आपल्याकडील जुगलबंदीपेक्षा हा प्रकार निराळा आहे. जुगलबंदीत दोन कलावंत एका रागाच्या चौकटीत आळीपाळीने आपली बुद्धी चालवतात आणि तबला दोघांना बांधून ठेवतो. युगुलवादनात प्रत्येक स्वर आधी लिहिलेला असतो आणि दोघे सतत एकत्र वाजवीत असतात. बार्तोक यांच्या तुकड्यांत दुसरे व्हायोलिन काय काय करते, हे पाहण्यासारखे आहे. कधी ते एकच स्वर लांबवून तंबोऱ्याचे काम करते. कधी तारा बोटाने छेडून ठेका धरते. कधी पहिल्याने म्हटलेली ओळ एका मात्रेने मागाहून म्हणत त्याच्या मागोमाग चालते. सुगीच्या गाण्यावर आधारलेल्या तेहतिसाव्या तुकड्यात दोन्ही वादकांच्या कागदांवर स्वरांची मांडणीच निरनिराळी आहे. दोघे दोन वेगळ्या षड्जांवरून चालतात आणि तरीही एकमेकांना सोडून जात नाहीत. अनेक तुकड्यांत मूळ लोकधून मध्येच दुसऱ्या व्हायोलिनकडे जाते आणि पहिले साथीला येते. इंग्रजीत 'दुसरे व्हायोलिन वाजवणे' हा शब्दप्रयोग दुय्यम भूमिका पत्करण्याच्या अर्थाने रूढ आहे. या चव्वेचाळीस तुकड्यांत त्या अर्थाला थारा नाही.

बार्तोक यांच्यानंतर लगेच, १९३२ साली, रशियन रचनाकार सर्गेई प्रोकोफिएव्ह यांनी दोन व्हायोलिनांसाठी चार भागांची एक सोनाटा लिहिली. पुढे इटलीचे लुचानो बेरियो यांनी १९७९ ते १९८३ या काळात चौतीस छोटी युगुलवादने रचली आणि प्रत्येकाला एकेका परिचित व्यक्तीचे पहिले नाव दिले. त्यांतील पहिल्या तुकड्याचे नाव 'बेला' आहे. त्यांतही अनेक तुकड्यांत एक भाग शिकाऊ मुलाला झेपेल असा आहे. म्हणजे शिक्षक आणि विद्यार्थी यांनी शेजारी उभे राहून वाजवावे, ही डोफ्लाइन यांची कल्पना अर्ध्या शतकानंतरही टिकून होती.

उपासनेतील दोन व्हायोलिने

दोन व्हायोलिनांची ही जोडी विसाव्या शतकाने शोधून काढली नाही. तिचे जुने घर चर्चमध्ये आहे. रोममध्ये काम करणारे आर्कान्जेलो कोरेल्ली यांनी १६८१ साली आपला पहिला संग्रह प्रसिद्ध केला. तो बारा 'चर्च सोनाटां'चा होता. त्यांत दोन व्हायोलिने वरच्या पट्टीत एकमेकांशी बोलतात आणि खाली ऑर्गन व खर्जातील तंतुवाद्य त्यांना जमीन देतात. एक व्हायोलिन एखादा स्वर धरून ठेवते, दुसरे येऊन त्याला खेटून वेगळा स्वर लावते, क्षणभर कानाला टोचल्यासारखे होते आणि मग पहिले एक पायरी खाली उतरून तो ताण सोडवते. हा क्षणिक विसंवाद आणि त्याची उकल युरोपभर अनुकरणीय ठरली.

साल्झबुर्गच्या मुख्य चर्चच्या सेवेत असताना मोझार्ट यांनी १७७२ ते १७८० या काळात अशा सतरा लहान सोनाटा लिहिल्या. त्यांतील बहुतेक दोन व्हायोलिने, खर्जाचे वाद्य आणि ऑर्गन यांच्यासाठी आहेत. मिस्सात पत्रवाचन आणि शुभवर्तमानवाचन यांच्या मधल्या जागेत त्या वाजवल्या जात. तेथील आर्चबिशप कोलोरेदो यांना लांबलेल्या उपासना मान्य नव्हत्या. गंभीर मिस्सासुद्धा पाऊण तासात आटोपला पाहिजे, असा दंडक असल्याचे मोझार्ट यांनी १७७६ साली इटलीतील पाद्रे मार्तिनी यांना कळवले होते. तीन-चार मिनिटांत पूर्ण होणारी रचना लिहिण्यामागे एवढे व्यावहारिक कारण होते.

उपासनेत कोणती वाद्ये असावीत, हा वाद ख्रिस्तसभेत दीर्घकाळ चालला. पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी १७४९ साली काढलेल्या परिपत्रकात ढोल, शिंगे, तुताऱ्या, बासऱ्या यांना मनाई केली. ऑर्गन आणि गजाने वाजणारी तंतुवाद्ये यांना मात्र परवानगी दिली. पोप दहावे पायस यांनी १९०३ साली अधिक कठोर भूमिका घेऊन ऑर्गनला अग्रस्थान दिले आणि इतर वाद्यांसाठी बिशपांची अनुमती आवश्यक केली. १९५५ साली पोप बारावे पायस यांनी पवित्र संगीतावरील परिपत्रकात गजाच्या वाद्यांचा आवर्जून उल्लेख केला. मनातील हर्ष आणि दुःख व्यक्त करण्याची त्यांची शक्ती त्यांनी मान्य केली. अशा प्रकारे व्हायोलिन चर्चच्या उंबरठ्याच्या आत-बाहेर होत राहिले, परंतु पूर्णतः बाहेर कधीच गेले नाही.

रबेका आणि मेस्त्रे

युरोपातील या घडामोडींचे पडसाद आपल्या किनाऱ्यावर गोव्यात उमटले. १५४० च्या दशकात जुन्या गोव्यात सुरू झालेल्या संत पॉल विद्यालयात संगीताचे शिक्षण होते. पुढे धर्मग्रामांना जोडून शाळा निघाल्या आणि वाचन-लेखन, धर्मशिक्षण व संगीत अशा तिन्ही गोष्टी तेथे एकाच छपराखाली शिकवल्या जाऊ लागल्या. शिकवणारे गुरुजी म्हणजे 'मेस्त्रे'. चर्चचा गायनवृंद त्यांच्याच हाती असे. मिस्साला लागणारे संगीत ते बसवीत, नसेल तर स्वतः रचीत आणि वृंदातील प्रत्येकासाठी हाताने नक्कल करून कागद तयार करीत.

या शाळेची शिस्त ठरलेली होती. मुलाच्या हाती प्रथम वाद्य मिळत नसे. आधी सोल्फेज, म्हणजे कागदावरची स्वरचिन्हे पाहून दो-रे-मी अचूक गाणे. हाताने मात्रा मोजीत हे साधल्यानंतरच व्हायोलिन मिळे. पोर्तुगीजांत त्याला 'रबेका' म्हणत आणि त्याच्या खर्जातील थोरल्या भावंडाला 'रबेकांव'. या क्रमाचा परिणाम दूरगामी ठरला. गावातील शेतकऱ्याचा, सुताराचा, रेंदेराचा मुलगा पाश्चात्त्य स्वरलिपी मातृभाषेसारखी वाचू लागला. ज्या घरात पुस्तक नव्हते त्या घरात स्वरलिपीचा कागद आला.

गोव्यातील चर्चचा वाद्यमेळ लहान असे. मोठा ऑर्गन सर्वच धर्मग्रामांना परवडणारा नव्हता, मोठा वृंद पोसणे तर दूरच. दोन व्हायोलिने, एखादे क्लॅरिनेट आणि रबेकांव एवढ्यावर माडी सजे. कोरेल्लींच्या चर्च सोनाटांचा सांगाडा आणि हा मेळ यांतील साम्य उघड आहे. प्रायश्चित्तकाळात, विशेषतः क्रूस वाहणाऱ्या ख्रिस्ताच्या मिरवणुकीच्या वेळी, गायिली जाणारी 'मोतेत' ही गोव्याची खास निर्मिती. लॅटिन किंवा कोकणी शब्द, दोन-तीन आवाजांत बांधलेले गायन आणि भोवती व्हायोलिनांची गुंफण, असे तिचे रूप असते. अनेक मोतेतांच्या कर्त्यांची नावे आज उपलब्ध नाहीत. ती रचणारे मेस्त्रे आपले काम उपासनेसाठी करीत, नावासाठी नव्हे.

चर्चच्या माडीवरील हे शिक्षण घरच्या दिवाणखान्यात उतरले तेव्हा मांडो फुलला. एकोणिसाव्या शतकात बहरलेल्या या गीतप्रकारात दोन आवाज षड्ज-गांधाराच्या अंतराने सोबत चालतात आणि साथीला व्हायोलिन व घुमट असते. घुमट मातीचे, व्हायोलिन इटलीचे. पण लग्नाच्या मांडवात ती दोन्ही एकाच गावची वाटतात. मांडोचे नामवंत रचनाकार तोर्कातो द फिगेरेदो हे लोटलीचे. ओर्लीचे मिकाएल मार्तिन्स यांनी प्रा. जुझे पेरेरा यांच्यासमवेत गोव्याची हजारो लोकगीते गोळा करून स्वरलिपीत उतरवली. बार्तोक आणि कोदाय यांनी हंगेरीत जे केले तेच हे काम होते. मात्र हंगेरीतील त्या कार्याला जगभर मान्यता मिळाली. आपल्या घरातील हे कार्य आपल्यातीलच पुष्कळांना ठाऊक नाही.

मुंबईची वाट

शेती थोडी आणि मुले अधिक, अशी गोव्यातील घरांची स्थिती होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईला जाणाऱ्या बोटींतून आचारी, खलाशी आणि शिंपी यांच्याबरोबर वादकही येऊ लागले. धोबीतलाव, माझगाव या भागांतील गावोगावच्या 'कुडीं'त ते उतरत. मूकपटांच्या पडद्यापुढे, हॉटेलांतील नृत्यमंचांवर, संस्थानिकांच्या आणि पोलिसांच्या बँडमध्ये त्यांना काम मिळे. कारण एकच होते. समोर ठेवलेला कागद पाहून ते तत्काळ वाजवू शकत.

त्याच काळात मुंबईत कक्षसंगीताची, म्हणजे दोन-चार वादकांनी लहान खोलीत वाजवायच्या संगीताची, एक नवी लाट आली. नाझींच्या छायेतून सुटून १९३४ साली मुंबईत आलेले ज्यू संगीतकार वॉल्टर कौफमान यांनी 'बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी' स्थापन केली. पुढे ते आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. तंबोऱ्याच्या झंकारावर व्हायोलिनने उमटणारी आकाशवाणीची सुपरिचित धून त्यांचीच मानली जाते. त्यांचे सहकारी, पारशी व्हायोलिनवादक मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा आणि १९४० साली बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट उभारले. या ऑर्केस्ट्रात गोव्याहून आलेले वादक मोठ्या संख्येने होते. धर्मग्रामशाळेत सोल्फेज शिकलेला मुलगा आणि युरोपातून परागंदा झालेला ज्यू वादक एकाच स्टँडवरचा कागद वाचून वाजवीत, हे दृश्य त्या काळच्या मुंबईतच शक्य होते.

या वाटेने आलेल्यांपैकी एक नाव प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे, पण ते एका चित्रपटातील गंमतीचे पात्र म्हणून. अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) हे मजोर्ड्याचे. त्यांचे वडील तेथील चर्चच्या गायनवृंदाचे मेस्त्रे होते आणि मुलाचे पहिले गुरूही तेच. १९४३ साली अँथनी मुंबईत आले आणि संगीतकार नौशाद यांच्या वादकवर्गात सामील झाले. वादक आणि संयोजक म्हणून नाव होत असतानाच भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांना एकत्र आणण्याचा ध्यास त्यांनी घेतला. १९५८ साली त्यांनी 'इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा' उभा केला. सेंट झेवियर महाविद्यालयाच्या प्रांगणात शंभराहून अधिक कलावंतांसह त्याचा कार्यक्रम झाला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. 'सोनाटिना इंडियाना' आणि सारंग रागातील व्हायोलिन कन्चेर्तो या त्यांच्या रचना याच ध्यासातून आल्या. १९६५ च्या सुमारास ते अमेरिकेला गेले आणि नंतर गोव्यास परतून मजोर्ड्यात निवृत्त जीवन जगले. व्हायोलिनमधील त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील गाण्यात गुरूचे नाव गुंफले, ते आदराने. ऐकणाऱ्यांनी ते विनोद म्हणून घेतले.

रेइश-मागुशचे सेबास्तियन डिसोझा (१९०६-१९९८) हे दुसरे उदाहरण. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे वाद्यसंयोजन दीर्घकाळ त्यांच्याकडे होते. गायकाची ओळ चालू असताना तिच्या मागे व्हायोलिनांची जी दुसरी, वेगळ्या वाटेने जाणारी ओळ ऐकू येते ती या काळात हिंदी चित्रपटगीताचा अविभाज्य भाग झाली. मूळ चाल संगीतकाराची, शब्द कवीचे, आवाज गायकाचा. ही दुसरी ओळ संयोजकाची. गोव्याच्या माडीवर दुसऱ्या व्हायोलिनने जे काम मोतेतात केले तेच येथे ध्वनिमुद्रणाच्या खोलीत झाले. गाणे गुणगुणताना पुष्कळदा आपण नकळत कडव्यांमधील व्हायोलिनचे तुकडेही गुणगुणतो. ते लिहिणाऱ्याचे आणि वाजवणाऱ्यांचे नाव मात्र त्या काळच्या तबकड्यांच्या वेष्टनांवर सहसा छापलेले नसे. मेस्त्रे निनावी राहिले ते उपासनेच्या विनम्रतेमुळे. त्यांचे शिष्य निनावी राहिले ते बाजाराच्या रीतीमुळे. या दोन्हींना एकाच मापाने मोजणे न्यायाचे होणार नाही.

अडलेली वाट

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धर्मग्रामशाळांतील संगीताचे वर्ग एकामागून एक ओस पडले. मेस्त्रेंचे मानधन तुटपुंजे होते. मुले इंग्रजी शाळांकडे आणि पुढे आखाती देशांकडे वळली. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात लोकांच्या सक्रिय सहभागावर भर दिला आणि त्या त्या देशाच्या संगीतपरंपरेला मान दिला. त्यामुळे आपल्या भाषेत सारी मंडळी गाऊ लागली, हा लाभ थोर आहे. मराठी भजने, ढोलकी, तबला-पेटी वेदीजवळ आली. परंतु त्याच वेळी माडीवरचा लहान वाद्यमेळ अनेक ठिकाणी खाली उतरला तो परत वर गेला नाही. त्याची जागा विजेच्या की-बोर्डने घेतली. एकच वादक एका हाताने सारी वाद्ये वाजवू शकतो, यात सोय आहे. पण दोन माणसांनी एकमेकांचे ऐकत वाजवण्याची जी सवय होती ती तेथे लागत नाही.

हस्तलिखितांची स्थिती याहून चिंताजनक आहे. मोतेतांचे कागद जेथे जपले गेले तेथे ते एखाद्या वृंदप्रमुखाच्या किंवा धर्मगुरूंच्या व्यक्तिगत आस्थेमुळे. किनाऱ्याची दमट हवा, वाळवी आणि शाईतील आम्ल यांच्यापुढे कागद फार काळ टिकत नाही. बहुतेक मोतेत छापले गेले नाहीत. एका धर्मग्रामातील प्रत नष्ट झाली म्हणजे ती रचनाच नष्ट झाली, असे अनेकदा होते. राशोल सेमिनरीच्या गायनवृंदाने आणि कला अकादमीच्या पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख असलेले फादर लूर्दिनो बारेतो यांच्यासारख्या धर्मगुरूंनी ही परंपरा जागती ठेवण्यासाठी परिश्रम घेतले. २००९ साली डॉ. लुईस डायस यांनी गोव्यात सुरू केलेल्या 'चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन'ने वंचित मुलांच्या हाती पुन्हा व्हायोलिन दिले आहे. आशा वाटावी असे हे काम आहे.

जात्याभोवतीच्या दोघी

गोव्याच्या या कथेशी देशावरच्या वाचकाचा संबंध काय, असा प्रश्न कोणी करील. जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यातल्या धावड्यासारख्या गावात रबेका आणि मोतेत हे शब्दही परके वाटतील. पण ज्याला आपण आज आपले मानतो ती पेटी तरी कोठून आली? हार्मोनियमचे पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये घेतले गेले. मिशनरींच्या हातून ती भारतात आली आणि कीर्तन-भजनात अशी मिसळली की १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली तेव्हा आपल्याच घरच्यावर अन्याय झाल्यासारखे कलावंतांना वाटले. त्या बंदीमागे एक तर्क असाही होता की पेटीच्या ठरलेल्या पट्ट्यांतून मींड आणि श्रुती निघत नाहीत. व्हायोलिनला ही अडचण नाही. त्याच्या मानेवर पट्ट्या नाहीत. बोट कोठेही थांबू शकते, कोठूनही घसरू शकते. म्हणूनच गजाननराव जोशी, व्ही. जी. जोग यांच्यासारख्या मराठी कलावंतांनी मांडी घालून, वाद्याची मान पायावर टेकवून त्यावर सारा ख्याल उभा केला, आणि प्रभाकर जोग यांच्या हाती ते मराठी भावगीत गाऊ लागले.

याहूनही जवळचा दुवा जात्यापाशी आहे. गावात पिठाची गिरणी येण्यापूर्वी पहाटे दोघी बाया जात्यासमोर समोरासमोर बसत. खुंटा एकच, हात दोघींचे. एक ओवी सुरू करी, दुसरी ती उचलून धरी आणि तेवढ्यात पहिली पुढच्या ओळीसाठी श्वास घेई. दगडाची घरघर हा तंबोरा आणि फेऱ्याची लय हा ठेका. शुभवर्तमानातही जात्यावर दळणाऱ्या दोघींचे चित्र आहे, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. पुण्यात हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन येथे स्थायिक झालेले गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतील पुष्कळांचे ध्वनिमुद्रणही झाले. हंगेरीच्या खेड्यांत मेणाच्या नळकांड्यांवर जे साठवले गेले त्याहून हे धन कमी नाही.

आपल्या समाजाला तर ओवी नवीन नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी दहा हजारांहून अधिक ओव्यांत रचलेले ख्रिस्तपुराण १६१६ साली राशोल येथे छापले गेले आणि प्रायश्चित्तकाळात चर्चमधून गायिले जात असे. ज्या राशोलच्या परिसरात मराठी ओवी छापली गेली त्याच परिसरातील माड्यांवर पुढे दोन व्हायोलिने वाजू लागली. या दोन परंपरा शेजारी राहिल्या. त्यांची गाठ घालून देणारा डोफ्लाइन मात्र आपल्याला भेटला नाही.

बार्तोक यांच्या संग्रहाचे महत्त्व यातच आहे. लोकगीत वहीत किंवा संग्रहालयात ठेवले म्हणजे ते सुरक्षित होते, पण गप्प होते. ते मुलाच्या पहिल्या धड्यात आले म्हणजे बोटांत राहते. जात्यावरची एखादी ओवी, वसईतील एखादे लग्नगीत, एखादा मांडो, मेस्त्रेंच्या वहीतील एखादी मोतेत अशा चाळीस-पन्नास चाली निवडून त्यांची दोन व्हायोलिनांसाठी सोपी युगुलवादने लिहिली जावीत. एक भाग शिकवणाऱ्यासाठी, एक शिकणाऱ्यासाठी. त्याला मोठा वाद्यवृंद नको, सभागृह नको, विजेचाही आधार नको. स्वरलिपी जाणणारे रचनाकार मुंबई, पुणे, वसई आणि गोवा येथे आहेत. त्यांना विनंतीचे एक पत्र लिहावयास हवे, इतकेच.

दरम्यान ज्या धर्मग्रामाच्या कपाटात एखादे जुने व्हायोलिन पडून असेल तेथे ते काढून तारा चढवाव्यात, माडीवरच्या पेटीत पिवळे पडलेले स्वरलिपीचे कागद असतील तर त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत, आणि शिकवणारा मिळाला तर एका मुलाला न पाठवता दोघांना पाठवावे. एकटे मूल चार महिन्यांत कंटाळते. शेजारी दुसरे उभे असले म्हणजे त्याला थांबून ऐकावे लागते, आणि ऐकू लागले म्हणजे ते सहसा सोडून जात नाही.